कुत्यूरची तपकिरी रेघ

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अकादमिक चित्रकारांची बदनामी झाली ती त्यांना नीट येत असलेल्या एका गोष्टीमुळे. त्यांना चित्र पुरं करता येत होतं. बुगरोच्या मोठ्या कॅनव्हासला नाक लावून पाहिलं तरी ब्रशचा माग सापडत नाही. गाल कुठे वळला, सावली कुठे सुरू झाली, याचा थांगपत्ता लागू द्यायचा नाही हीच तर त्याची प्रतिज्ञा होती. पुढच्या पिढीने याच चाटूनपुसून लख्ख केलेल्या पृष्ठभागाला नावं ठेवली आणि विसाव्या शतकात ही मंडळी संग्रहालयांच्या तळघरात गेली. त्या निकालाविरुद्ध अपील करायला मी निघालेलो नाही. बुगरोच्या अप्सरा आणि देवदूत माझ्याही फारसे कामाचे नाहीत. पण याच लोकांनी मोठ्या चित्राच्या तयारीसाठी, किंवा नुसत्या सरावासाठी, मॉडेल समोर बसवून तैलरंगात जी डोकी रंगवली ती वेगळी चीज आहे. पुऱ्या केलेल्या चित्रात झाकलेलं ज्ञान तिथे उघड्यावर असतं.

फ्रेंच स्टुडिओत त्याला ‘तेत देत्यूद’ म्हणत, अभ्यासासाठी रंगवलेलं डोकं. दिसायला पोर्ट्रेट, पण व्यवहार उलटा. पोर्ट्रेटमध्ये बसणारा पैसे देतो. इथे बसणाऱ्याला पैसे मिळतात. त्यामुळे नाक जरा सरळ करा, हनुवटीखालचं मांस कमी दाखवा, अंगठी दिसू द्या, अशा कुठल्याच मागण्या नाहीत. कपडे बहुतेक वेळा नुसते सुचवलेले, हात नाहीतच, पार्श्वभूमी म्हणजे चार फटकारे. चित्रकाराला एखाद्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. वरून डावीकडून येणारा उजेड या कपाळावरून खाली उतरताना कुठे मंदावतो? मान अशी वळली की जबड्याची कड कुठे हरवते? उत्तर मिळालं की काम थांबतं, मग खांदा तसाच कोरा राहिला तरी चालतं.

या लोकांच्या हिशेबात मोठ्या चित्राआधीच्या प्रत्येक पायरीचं काम ठरलेलं असे. एस्किस म्हणजे मनातून केलेली छोटी रचना: कोण कुठे उभा, गडद कुठे, उजळ कुठे. एबोश म्हणजे अंतिम कॅनव्हासवरचाच पहिला पातळ थर, जो पुढे झाकला जाणार हे ठरलेलं. आणि एत्यूद म्हणजे प्रत्यक्ष समोर पाहून केलेला एका भागाचा अभ्यास. हात, पाय, कापड किंवा डोकं. एस्किसमध्ये नाकाडोळ्याचा तपशील शोधणं आणि एत्यूदमध्ये रचना शोधणं, दोन्ही व्यर्थ. प्रदर्शनात शेजारी लावलेल्या पाट्या नीट वाचल्या तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत गंमत अशी की १८६३ पर्यंत तिथे रंगवायला शिकवतच नसत. शिकवत ते रेखाटन. ब्रश हाती धरायचा तर खासगी स्टुडिओ गाठायचा: देलारोशचा, ग्लेरचा, पिकोचा, किंवा १८४७ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ‘रोमन्स ऑफ द डिकेडन्स’ गाजल्यावर तोमा कुत्यूरने उघडलेला. १३ नोव्हेंबर १८६३ च्या सरकारी हुकुमाने एकोलमध्ये रंगचित्रणाचे तीन स्टुडिओ सुरू झाले आणि ते जेरोम, काबानेल आणि पिल्स यांच्याकडे गेले. डोक्याच्या अभ्यासाला मात्र त्याहून जुना मान होता. काउंट द केलूस या रसिकाने १७६० च्या सुमारास भावदर्शी डोक्यासाठी बक्षीस ठेवलं होतं. दाविदने १७७३ मध्ये ते ‘दुःख’ या विषयावर मिळवलं. पॅस्टेलचित्रकार ला तूरच्या नावाचं आणखी एक बक्षीस अर्ध्या देहाच्या रंगवलेल्या अभ्यासाला मिळे.

तिथवर पोचायचा रस्ता लांबचा होता. आधी छापील चित्रांच्या नकला, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत मॉडेल, तेही कोळशातच. शार्ल बार्ग आणि जेरोम यांनी गुपिल कंपनीसाठी १८६६ ते १८७१ या काळात काढलेल्या रेखाटनाच्या पाठात १९७ पानं होती, आणि पहिल्या काही पानांवर नुसते डोळे, कान, नाकं. हे सगळं झालेल्या मुलाला रंगात चेहरा करताना प्रमाण चुकण्याची भीती उरत नसे. त्याचं सगळं लक्ष रंगछटेकडे जावं, यासाठीच ती वर्षं.

स्टुडिओतला आठवडा सोमवारी सुरू होई. मॉडेल बसला की खुर्चीच्या पायांभोवती, पायाच्या पंजाभोवती खडूने खुणा, म्हणजे विश्रांतीनंतर तो त्याच जागी परत येईल. पाऊण तास बैठक, मग थोडी सुट्टी, पुन्हा बैठक. सकाळचे चार तास आणि सहा दिवस धरले तर हातात प्रत्यक्ष काम करायला अठराएक तास. जागा धरणं, फी गोळा करणं, मॉडेल ठरवणं, शेगडी पेटवून घेणं ही कामं ‘मास्ये’ म्हणून नेमलेला जुना विद्यार्थी पाही. गुरुजी आठवड्यातून दोनदा येत आणि विद्यार्थ्याच्याच ब्रशने त्याच्याच कॅनव्हासवर दुरुस्ती करून जात. उजेड उत्तरेच्या उंच खिडकीतून. कारण साधं आहे: उत्तरेकडून ऊन आत येत नाही, त्यामुळे सकाळी नाकाची पडलेली सावली दुपारीही त्याच जागी असते. खिडकी उंच हवी, कारण खालून किंवा समोरून उजेड आला की डोळ्यांच्या खोबणी भरून निघतात आणि चेहरा सपाट होतो.

कॅनव्हासची मापंही ठरलेली. फ्रेंच रंगविक्रेते ताणलेले, अस्तर (रंगाखालचा लेप) चढवलेले कॅनव्हास क्रमांकाने विकत: ८ नंबर फिगर म्हणजे ४६ बाय ३८ सेंटिमीटर, १० नंबर ५५ बाय ४६, १५ नंबर ६५ बाय ५४, २५ नंबर ८१ बाय ६५. लँडस्केपसाठी तीच लांबी पण कमी रुंदी. संग्रहालयाच्या पाट्यांवरची मापं ताडून पाहायला मजा येते. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातला जेरिकोचा १८१८-१९ च्या सुमाराचा पोर्ट्रेट स्टडी ४६.७ बाय ३८.१ आहे, म्हणजे सरळ दुकानातला ८ नंबर. एका डोक्याला तो पुरतो. हनुवटीपासून टाळूपर्यंत माणसाचं डोकं सुमारे २२-२३ सेंटिमीटर भरतं. कॅनव्हासवर ते खऱ्या मापापेक्षा थोडं लहान घ्यायचं. बरोबर मापाचं रंगवलं तरी ते मोठं भासतं आणि मापाबाहेर गेलं की राक्षसी दिसतं, याचं कारण आपण माणसाला हाताच्या अंतरावरून क्वचितच पाहतो. नवखा विद्यार्थी डोळ्यापासून सुरुवात करतो, डोळा मोठा होतो, मग बाकीचा चेहरा त्या डोळ्याच्या हिशेबात फुगत जातो आणि हनुवटी चौकटीच्या काठावर येऊन टेकते. त्यावर उपाय एकच: सर्वांत आधी टाळू, हनुवटी आणि दोन्ही बाजूंच्या कडा यांच्या खुणा करून टाकायच्या आणि त्या ओलांडायच्या नाहीत.

आता कुत्यूरकडे वळू, कारण त्याचं काम सर्वांत वाचण्यासारखं आहे. जन्म सांलिस गावचा, १८१५ चा. १८३७ मध्ये प्री द रोम या मानाच्या कलास्पर्धेत दुसरं बक्षीस. चित्रकार एदुआर माने सहा वर्षं त्याच्याकडे शिकला, प्युवी द शाव्हान आणि जर्मन फॉयरबाखही त्याच्या हाताखालून गेले. स्वभावाने भांडकुदळ, अकादमीशी त्याचं कधी धड जमलं नाही; तरी पद्धत अकादमीच्याच घरातली. १८६७ मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकातून जाहीर केली आणि ती इतकी कामाच्या भाषेत लिहिली की आजही ती पुढे ठेवून काम करता येतं.

पहिली पायरी कोळशाची. रेघ पक्की झाली की जास्तीची पूड झटकायची. मग ज्याला स्टुडिओत ‘सॉस’ म्हणत ते तयार करायचं: उकळून दाट केलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, निम्मं निम्मं. त्यात बिट्युमेन आणि तांबूस तपकिरी मातीचा रंग. लांब केसांच्या मऊ ब्रशने या पातळ तपकिरी रंगात बाह्यरेषा पुन्हा काढायची, मग सावल्यांचे मोठे भाग त्याच रंगाने पातळ चोळून भरायचे. उजेडाच्या भागाला हातही लावायचा नाही. तिथे कॅनव्हासचं अस्तर तसंच राहू द्यायचं. आणि इथे थांबायचं. रात्रभर वाळू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी पॅलेट मांडायचं. शिशाचा सफेदा, नेपल्स येलो, येलो ऑकर, व्हर्मिलियन, ब्राउन रेड, मॅडर लेक, कोबाल्ट ब्लू, बर्न्ट सिएना, आयव्हरी ब्लॅक. रंग मिसळताना दोन, फार तर तीन. चौथा आला की घाण सुरू होते. उजेडाच्या भागात रंग जाड, जवळजवळ घट्ट लोण्याइतका. सावलीत आदल्या दिवशीचा पातळ तपकिरी थर शक्यतो तसाच. मधल्या छटा या दोहोंच्या सीमेवर. एकदा ठेवलेला फटकारा पुन्हा चिवडायचा नाही. चुकला तर पॅलेट नाइफने उचलून टाकायचा आणि नव्याने ठेवायचा.

कुत्यूरच्या डोक्यांमध्ये म्हणून एक गोष्ट नेहमी सापडते: जबड्याच्या, पापणीच्या, नाकपुडीच्या कडेने ती तपकिरी रेघ शेवटपर्यंत दिसत राहते. दुसऱ्या एखाद्याने ती झाकली असती. त्याने झाकली नाही, कारण रेघ हीच त्याच्यासाठी सावलीची सर्वांत गडद जागा होती. नाकाच्या बाजूचा भाग जवळून पाहिला तर हे काम कळतं. नाकाच्या दांड्यावर जाड, किंचित पिवळट पांढरा रंग एका ओढीत खाली आलेला असतो, इतका कोरडा की कॅनव्हासच्या उंच धाग्यांवरच तो अडकतो आणि खोलगट जागा मोकळ्या राहतात. त्याला लागून एक करडी, थंड पट्टी. आणि मग एकदम नाकाच्या बाजूची सावली, जिथे रंग असा नाहीच. तपकिरी चोळ आणि त्यातून डोकावणारं अस्तर. तीन पायऱ्या, मध्ये कुठलीही सारवासारव नाही. चार पावलं मागे गेलं की नाक उभं राहतं.

एकोलच्या इतर स्टुडिओंत हेच काम अधिक शिस्तीने होई. पॅलेटवर आधी छटांची रांग लावायची: एक उजेड, चार-पाच मधल्या छटा, एक सावली. मग त्या चेहऱ्यावर शेजारीशेजारी, तुकड्या-तुकड्यांनी बसवायच्या. प्रत्येक तुकडा एक पातळी: कपाळाचा वरचा भाग, भुवईचं हाड, गालाची कमान, ओठाखालची खाच. पहिल्या दिवशी चेहरा लाकूड तासून केल्यासारखा दिसतो आणि तसाच दिसायला हवा. दोन छटांच्या सांध्यावरून कोरडा स्वच्छ ब्रश एकदा ओढायचा, ब्रश पुसायचा, मग पुढचा सांधा. बिज्जूच्या केसांचा रुंद, मऊ ब्रश, ज्याला ब्लेरो म्हणतात, तो शेवटी हलक्या हाताने. बुगरो आणि काबानेल यांची गुळगुळीत कातडी या सांधे मिटवण्याच्या कौशल्यातून आली. त्यांच्या अभ्यासात हे सांधे अर्धे मिटलेले, अर्धे उघडे असतात. मला तेच पाहायला आवडतं. वळण कुठे ठेवलं हा निर्णय तिथे दिसतो. पुऱ्या चित्रात त्याचा फक्त परिणाम दिसतो.

बिघडतं काय, तर बहुतेक वेळा सांधे घाईने मिटवल्यामुळे बिघडतं. न पुसलेला ब्रश उजेडातून सावलीत गेला की सोबत सफेदा घेऊन जातो. सावलीत सफेदा शिरला की ती पारदर्शक राहत नाही, खडूसारखी निळसर करडी होते आणि पुढे येते. सावलीने मागे राहायचं असतं. दुसरी चूक जबड्याखालच्या परावर्तित उजेडाची. अंगरख्यावरून वर उसळलेला तो उजेड डोळ्याला फार आकर्षक वाटतो, म्हणून हात तो फार उजळ रंगवतो. नियम असा की सावलीतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच हवा. तो मोडला की चेहरा पत्र्याचा होतो. तिसरी चूक डोळ्यांची. बुबुळाभोवतीचं पांढरं कधीच पांढरं नसतं. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते आणि ते कपाळाच्या उजेडापेक्षा बरंच करडं असतं. ते पांढरं केलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो. पापण्यांचे केस मोजून काढणं हा याच आजाराचा पुढचा टप्पा. कानाचंही तसंच. कान लाल असतो हे खरं, पण तो चेहऱ्याच्या मागे असतो, आणि नाकाइतक्याच तीक्ष्ण कडांनी रंगवला की गालाच्या पुढे येऊन बसतो.

रंगाच्या बाबतीत जुना अनुभव असा की गोऱ्या चेहऱ्याचे आडवे तीन पट्टे पडतात. कपाळ पिवळसर, कारण हाडावर कातडी पातळ. मधला पट्टा, म्हणजे गाल, नाक, कान, लालसर, कारण तिथे रक्तवाहिन्या दाट. खालचा पट्टा पुरुषांत निळसर-हिरवट, दाढीच्या मुळांमुळे. हे एकदा लक्षात आलं की एकच ‘कातडीचा रंग’ मिसळून सगळीकडे फासणं बंद होतं.

सावळ्या आणि काळ्या कातडीचा प्रश्न आला की या शिक्षणाची खरी परीक्षा होई. गोऱ्या कातडीसाठी तयार केलेल्या छटांमध्ये काळा घालून काम भागवणारे पुष्कळ होते, आणि त्यांची डोकी मेलेली दिसतात. गडद कातडी उजेड अधिक आरशासारखा परत पाठवते. तिच्यावरचे ठळक उजळ ठिपके जवळजवळ आकाशाच्या किंवा खिडकीच्या रंगाचे असतात, थंड आणि नेमक्या कडांचे. आणि मधल्या छटांत लाल, जांभळा, हिरवट यांची गर्दी असते. काळा रंग पॅलेटवरून काढूनच टाकला तर हे काम सोपं होतं.

याचं सर्वांत धडधडीत उदाहरण जोसेफ या मॉडेलचं आहे. आताच्या हैतीत जन्मलेला, डोंबाऱ्याच्या कसरती करणाऱ्या टोळीबरोबर पॅरिसला आलेला हा माणूस जेरिकोने हेरला आणि १८१९ च्या सलोंमधल्या ‘राफ्ट ऑफ द मेड्युसा’साठी त्याला उभं केलं. पुढे १८३० च्या दशकात तो एकोलच्या पगारी मॉडेलांपैकी एक होता. तेव्हा चित्रकार अँग्र रोमला व्हिला मेदिचीचा, म्हणजे तिथल्या फ्रेंच अकादमीचा, संचालक होता आणि ख्रिस्त सैतानाला डोंगरावरून हाकलतो असं चित्र त्याच्या डोक्यात होतं. त्याने पॅरिसमधल्या आपल्या शिष्याला, तिओदोर शासेरियोला, जोसेफचा तैलरंगातला अभ्यास करून पाठवायला सांगितलं. शरीराची ठेवण कशी हवी ते नेमकं कळवलं; ही आकृती सैतानाची होणार आहे हे मात्र लपवून ठेवलं. शासेरियोने १८३८ मध्ये तो अभ्यास केला. वय एकोणीसच्या आत-बाहेर.

चित्र ५४.८ बाय ७३.५ सेंटिमीटर, आडवं. २० नंबर लँडस्केपच्या तयार मापाला अगदी जुळणारं. निळ्या पार्श्वभूमीवर तोललेलं उघडं शरीर, खाली आधार नाही. तो निळा नुसता आकाश म्हणून लावलेला नाही. खांद्यावरच्या आणि छातीवरच्या थंड उजेडाशी तो बोलतो, आणि त्यामुळे कातडीचा तपकिरी अधिक उबदार होतो. मागणी सैतानासाठीच्या नमुन्याची होती आणि तयार झालं ते एका ठरावीक माणसाचं शरीर. अँग्रने आपलं ते चित्र कधी रंगवलंच नाही. अभ्यास आज मोंतोबाँच्या अँग्र-बूर्देल संग्रहालयात आहे आणि अँग्रच्या डोक्यातल्या न झालेल्या चित्रापेक्षा तो कितीतरी मोठा आहे असं माझं मत. शासेरियोचा स्वतःचा जन्मही त्याच बेटावरचा, सामाना नावाच्या भागातला; याने चित्रात काय फरक पडला हे मी सांगणार नाही, पण योगायोग सोडून देण्याजोगाही नाही.

जेरोमचा ‘बाशी-बझूक’ हा त्याच्या विरुद्ध टोकाचा नमुना. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, १८६८-६९ चा, ८०.६ बाय ६६. तुर्की फौजेतला बिनपगारी शिपाई म्हणून पॅरिसच्या स्टुडिओत एका काळ्या मॉडेलला बसवलं आणि जेरोमने पूर्वेकडच्या सफरीतून आणलेले कपडे त्याला घातले. झुलणारे गोंडे, रेशमाची झळाळी, सगळं पुरं. त्या गुलाबी रेशमात लढाईला कोणी जात नाही. पण चेहरा पाहा: गालाच्या हाडावरचा थंड उजेड, त्याखालचा जांभळट उतार, मानेकडे हरवलेली कड. कपड्यांनी पोशाखी नाटक केलं आणि चेहऱ्याने अभ्यास केला, असं एकाच कॅनव्हासवर दोन कामांचं भांडण तिथे आहे.

आपल्याकडे ‘हेड स्टडी’ मुंबईच्या जेजेमुळे रुजला. तो पॅरिसहून सरळ आला नाही, ब्रिटिश कलाशिक्षणाच्या वळणाने आला, आणि जिवंत नग्न मॉडेलचा वर्ग तर ग्लॅडस्टन सॉलोमनच्या काळात १९१९ मध्ये सुरू झाला. तरी पुतळ्यावरून रेखाटन, मग जिवंत चेहरा हा क्रम तोच. पिठावाला, त्रिंदाद यांच्यासारख्या मुंबईच्या पोर्ट्रेट चित्रकारांना समोर बसलेल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांसाठी युरोपीय छटांची ती रांग पुन्हा मांडून घ्यावी लागली. त्या विषयावर वेगळं लिहायला हवं.

राहता राहिला वाळण्याचा प्रश्न, आणि हा प्रश्न चित्रकारापेक्षा जास्त दिवस जगतो. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, पाणी उडून जावं तसा तो वाळत नाही. शिशाचा सफेदा आणि अंबर (तपकिरी मातीचा रंग) लवकर घट्ट होतात. आयव्हरी ब्लॅक आणि मॅडर लेक फार सावकाश. सावकाश वाळणाऱ्या थरावर लवकर वाळणारा थर चढवला की वरचा आधी ताठरतो, खालचा नंतर आकसतो, आणि वरचा फाटतो. म्हणून खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलाने सधन. घाई असलेले चित्रकार शिसं आणि मँगनीज असलेलं कुर्त्रे सिकेटिव्ह, म्हणजे रंग लवकर वाळवणारं द्रव्य, थेंबथेंब घालत. ते जास्त झालं की रंग काळवंडतो आणि ठिसूळ होतो.

बिट्युमेन हा सगळ्यांचा बाप. डांबराच्या जातीचा हा पदार्थ लावताक्षणी सोनेरी तपकिरी, पारदर्शक, मोहक दिसतो. तो कधीच पुरता वाळत नाही. उष्णतेने मऊ होतो, थंडीने आकसतो, आणि वरचे थर आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखे फुटतात, मध्ये रुंद काळे भेगाळ चर. अर्धं एकोणिसावं शतक या एका रंगामुळे काळं पडलं. कुत्यूरच्या अभ्यासांना तो तितका नडला नाही, कारण तिथे तो पातळ चोळलेला आणि वर फारसं काही नाही. जाड सावल्यांमध्ये, आणि विशेषतः पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेल्या मोठ्या चित्रांत, त्याने कहर केला. यावर उपाय नाही. भेगा रंगाने बुजवता येतात, एवढंच.

दुसरी रोजची कटकट म्हणजे आँब्यू. आदल्या दिवशी चमकदार दिसणारी गडद सावली सकाळी मॅट, फिकट करडी दिसते, कारण खालच्या शोषक थराने तेल पिऊन टाकलं. नवखा माणूस त्यावर आणखी गडद रंग चढवतो, आणि पुढे वॉर्निश लागल्यावर ती जागा भोकासारखी काळी दिसते. खरा उपाय म्हणजे रंग न लावता तिथे आधी अगदी पातळ तेलाचा किंवा रीटचिंग वॉर्निशचा हात फिरवायचा, मूळ छटा परत आणायची आणि मगच ठरवायचं. चित्रकार विबेरने शतकाच्या अखेरीस याच कामासाठी केलेलं वॉर्निश त्याच्या नावाने आजही मिळतं.

हे अभ्यास विकण्यासाठी केलेले नसत. ते स्टुडिओच्या भिंतीवर उलटसुलट टांगलेले असत, मित्राला भेट दिले जात, आणि चित्रकार गेला की वारस सगळा स्टुडिओ लिलावात काढत. त्यामुळे पुष्कळ अस्सल अभ्यासांवर सही नसते. असतो तो लिलावाच्या वेळी मारलेला लाल किंवा काळा शिक्का. मागची बाजू पाहणं म्हणूनच महत्त्वाचं. रंगविक्रेत्याचा छाप, मापाचा नंबर, खिळ्यांची जुनी भोकं, चौकटीचं लाकूड. कॅनव्हासला मागून दुसरा कॅनव्हास चिकटवलेला असेल तर हा सगळा पुरावा झाकला गेलेला असतो, आणि जुन्या पद्धतीने सरस लावून गरम इस्त्री फिरवलेली असेल तर पुढचे जाड उजेडही दबलेले असतात. कुत्यूरच्या बाबतीत हे फार वाईट, कारण त्याच्या नाकाच्या दांड्यावरचा तो कोरडा ओढलेला रंग उंच राहिला तरच काम करतो. बाजूने टॉर्च धरून पाहिलं की सपाटपणा लगेच कळतो. सहीची शहानिशा त्याहून सोपी: भिंग घेऊन पाहायचं, भेगा सहीच्या रंगालाही पडल्या आहेत का, की सहीचा रंग भेगांमध्ये उतरला आहे. चित्राबरोबर जुनी झालेली सही चित्राबरोबर फुटते. नंतर घातलेली सही भेगेत ओघळते, आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली जुन्या वॉर्निशच्या हिरवट झळाळीवर ती काळी उठून दिसते. त्या दिव्याखाली सही काळी उठली तर चित्र खोटं ठरतंच असं नाही. अभ्यास अस्सल असतो आणि सही एखाद्या दुकानदाराने भाव वाढवायला घातलेली असते. तेव्हा सही बाजूला ठेवायची आणि सावल्यांचा पातळपणा तपासायला बसायचं.